पुष्पाबाईंच्या नावाचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणाला एका बाजूला पोचा आहे आणि पोटावर नाव कोरलेलं आहे, 'सौ. पुष्पाबाई शालिग्राम, मोताळा'. मी एक जुना पितळी डबा आहे. पितळ उघडं पडलं की लोक नाक मुरडतात. माझं जन्मापासून उघडंच आहे, त्यामुळे तुमच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

शेगावच्या भांड्यांच्या दुकानातून मी पुष्पाबाईंच्या रुखवतात आलो. मग कपाशीच्या वेचणीला, सोयाबीनच्या सोंगणीला रोज शेतात जाऊ लागलो. आमच्याकडे एक रीत आहे. बांधावर डबा उघडला की आधी शेजारच्या शेतात हाक जाते, "या जेवाले." समोरचा म्हणतो, "झालं जी माह्यं." त्याचं काही झालेलं नसतं आणि ते दोघांनाही ठाऊक असतं. मग आग्रह होतो, मग तो येतो. नाहीच आला तर डबाच त्याच्या हाती द्यायचा आणि आपण कामाला लागायचं. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून घरी येतो, आणि रिकामा कधीच येत नाही. मी बोरं आणली आहेत, ओला हरभरा आणला आहे, एकदा तर नुसता गुळाचा खडा. सारं गाव तेव्हा माझं कौतुक करायचं.

पुढे प्लास्टिकचे रंगीत डबे आले. माझी कल्हई उडाली, आतलं कालवण कळकायला लागलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथं उंदरांच्या संगतीत बरीच वर्षं काढली. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

पुष्पाबाईंची लेक प्रतीक्षा शिकायला ग्लासगोला निघाली, तेव्हा त्यांनी मला खाली काढलं आणि बाजाराच्या दिवशी कल्हई करून आणली.

"आई, एवढं वजन काऊन देऊन राह्यली मले?" प्रतीक्षा कुरकुरली.

"ने. हा डबा एकटीनं उघडायचा नसते, ध्यानात ठेव. अन् माह्यं नाव हाये त्याच्यावर, परत घेऊन ये."

मी सातासमुद्रापार गेलो खरा, पण तिथंही फळीवरच बसलो. एकटीनं उघडायचा नाही म्हणून प्रतीक्षा मला उघडतच नसे. खोलीत खिडकीशी उभी राहून, वाडग्यात असेल ते ती खाऊन घ्यायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं आईला फोन लावला.

"आई, मले नाही राह्यनं इथं. आल्यापासून कोनाच्या संगं बसून जेवली नाही मी. शिक्षण सोडून येतो म्हन्तो."

पुष्पाबाई म्हणाल्या, "ये बापा, घर तुहंच हाये. पर एक डाव डबा भरून कुठी तरी जाऊन ये. मंग ठरव."

शनिवारी सकाळी प्रतीक्षानं तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि मला पिशवीत घातलं. आगगाडीनं आम्हाला समुद्रकाठी नेऊन सोडलं. स्टेशनातूनच एक छपराची वाट खाली धक्क्यावर जात होती. तिथून समोरच्या बेटावर जाणारी बोट निघायची. नळगंगेच्या धरणापलीकडे मोठं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. बोट हलली तशी माझ्या आतल्या पुऱ्याही हलल्या.

बाकावर शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. तिचं नाव एल्सा, ती त्या बेटावरच राहायची. प्रतीक्षानं मला उघडलं, पण हाक काही तोंडातून निघेना. दोनदा झाकण लावलं, दोनदा काढलं. मग एकदाची म्हणाली, "घ्या ना."

"नको, आभारी आहे," एल्सा म्हणाली.

तिकडे नको म्हणजे नकोच असतं. प्रतीक्षाच्या कानांना मात्र ते 'झालं जी माह्यं' वाटलं. तिनं आग्रह केला, पुन्हा केला, आणि सरळ मला एल्साच्या मांडीवर ठेवलं. बिचारीनं संकोचून एक पुरी घेतली. चटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं दुसरी घेतली. दोघी बोलू लागल्या. प्रतीक्षाला हसताना मी किती दिवसांनी पाहत होतो.

तेवढ्यात बोट काठाला लागली. सगळे उठले. एल्साचा घास अजून तोंडात होता. प्रतीक्षानं लहानपणापासून पाहिलं होतं तेच केलं. "तुम्ही निवांत खा," म्हणाली आणि गर्दीबरोबर उतरून गेली.

बांधावर गाव एकच असतं, डबा कुणाचा ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं कोण कुणाचं? एल्सा मला घेऊन लगबगीनं उतरली, पण पोरगी कुठं दिसेना.

तिनं मला घरी नेलं. पुऱ्या संपवल्या, मला धुऊन पुसलं आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत बसली. मग कपाट उघडून लोण्याची खुसखुशीत बिस्किटं माझ्यात भरली, कोट चढवला आणि पुन्हा धक्क्यावर आली. सुटणाऱ्या प्रत्येक बोटीपाशी ती चेहरे न्याहाळत उभी राहिली. वारा असा होता की मी गार पडलो. ती मात्र हलली नाही.

अंधारून येताना प्रतीक्षा आली. डोळे सुजलेले होते. हा आपला बांध नाही हे उतरल्यावर ध्यानात आलं, तेव्हापासून दिवसभर एल्साला शोधत बेटाचा काठ धुंडाळून ती रिकाम्या हातांनी परत निघाली होती. मला पाहिलं आणि ती जागीच उभी राहिली.

"काय लिहिलंय यावर?" एल्सानं विचारलं.

"माझ्या आईचं नाव."

"वाटलंच मला. नाव आहे, म्हणजे घरी कुणी तरी वाट पाहत असणार. आणि नुसता परत द्यायला बरं वाटेना."

प्रतीक्षानं झाकण काढलं, आत पाहिलं आणि तिला रडू फुटलं. एल्सा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "पुढच्या शनिवारी घरीच ये जेवायला. चटणी मात्र जरा बेतानं आण."

परतीच्या गाडीतून प्रतीक्षानं फोन लावला. "आई, डबा इसरली होती. सापडला."

"रिकामा?"

"नाही. भरून आला."

पुष्पाबाई म्हणाल्या, "मंग कवा येतं घरी?"

"आता शिक्षण झाल्यावर, आई. शनिवारी जेवाले बोलावलं मले."

मित्रांनो, आता माझ्यावरचं नाव पुसट होत चाललं आहे. या घरून त्या घरी जाताना फार हात लागतात. माळ्यावर काळवंडण्याऐवजी असं झिजायला मिळालं, याबद्दल मी पुष्पाबाईंचा आणि त्या एल्साचा ऋणी आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली काढा, कल्हई करा, भरा आणि कुणाच्या तरी हाती द्या. तो परत येईपर्यंत तुमचा जीव थोडा थोडा होईल. त्याचाही होतो.