वाडीच्या विहिरीचा उपसा

विहिरीच्या कठड्यावर चिकटवलेला कागद काशीरामने दोनदा वाचला. पाणी काढायला आणलेला पोहरा हातातच राहिला.

'टंचाई कालावधीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी मौजे खारकोंड, बौद्धवाडी येथील सार्वजनिक विहीर अधिग्रहित करण्यात येत आहे. ग्रामपंचायतीची ना-हरकत प्राप्त.' खाली सही आणि शिक्का. त्याखाली अजून एक ओळ होती. गावातल्या इतर दोन विहिरी, एक देवस्थानाची आणि एक खासगी, यातून वगळल्या होत्या.

एप्रिल संपत आला होता. मागच्या वर्षी पाऊस ऑगस्टातच आटोपला होता आणि रत्नागिरी शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. शहरात चार दिवसांआड पाणी येत होतं, हे काशीरामला ठाऊक होतं. त्याची मुलगी दीक्षा तिथेच सरकारी इस्पितळात नर्स होती. शहराला पाणी द्यायला त्याची ना नव्हती. पण हा कागद लावण्याआधी वाडीतल्या एकाही माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

काशीराम सदुसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं मुंबईत पाण्याच्या पंपांवर ऑपरेटर होता. निवृत्त होऊन गावी आल्यापासून वाडीच्या विहिरीवर त्याचीच नजर असायची. वाडीची अठरा घरं. धर्मांतरानंतर दुसऱ्या वर्षी वाडीने ही विहीर स्वतः खणली. गावच्या विहिरीच्या पायरीवर तोवर त्यांना पाय ठेवता येत नव्हता. काशीरामची चुलती कमलाबाई तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने डोक्यावरून जांभ्याचे चिरे वाहिले होते. आता ती ब्याऐंशीच्या पुढे गेली होती, कंबरेत वाकली होती, तरी रोज सकाळी एक कळशी स्वतः काढायची.

"काय लिवलाय?" तिने विचारलं.

"आपली विहीर घेतलीनी, काकी. शहराला."

"कोणी दिलान?"

काशीरामने पोहरा खाली ठेवला आणि तसाच गावात गेला.

सरपंच हरिश्चंद्र पडवीत चहा पीत बसला होता. घरामागे त्याची आंब्याची बाग आणि बागेत चिऱ्यांनी बांधलेली, आत पायऱ्या असलेली मोठी विहीर. कागदातली 'खासगी' ती हीच.

"आमच्या विहिरीची ना-हरकत तुम्ही कशी दिलीत?" काशीरामने उभ्या उभ्याच विचारलं.

"बस तरी. चहा घे."

"चहा नको. कशी दिलीत ते सांगा."

"अरे, कठडा सरकारी योजनेतून बांधलाय ना तुमचा? मग सार्वजनिकच झाली. देवळाची देता येत नाही, आणि माझ्या विहिरीवर बाग आहे. दोनशे कलमं. शहर तहानलंय, काशीराम. असल्या वेळी मोठं मन करायचं."

"मन आमचं आणि पाणी पण आमचं. तुमचं काय ते सांगा."

हरिश्चंद्राने कप खाली ठेवला. "आदेश वरून आलाय. मी काय करणार?"

"वरून आलाय, पण गावात तीन विहिरी आहेत. आमचं नाव खालून गेलंय."

हरिश्चंद्राने पुन्हा कप उचलला. काशीराम परत फिरला.

दुसऱ्या दिवशी पंप आला. सोबत एक तरुण इंजिनीअर होता, ऋत्विक नावाचा. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, डोळे तांबारलेले. बोलायला सभ्य होता. काशीरामने राग गिळला आणि त्याला कठड्याशी नेलं.

"साहेब, आत बघा. पाणी तीन पुरुष आहे, तीन माणसं एकावर एक बुडतील एवढं. त्यात खाली काळ्या कातळाची एक पायरी आहे, ती आता दिसणार नाही. तिकडे खाडी आहे, तीनशे पावलांवर. पाणी त्या पायरीच्या खाली गेलं की खाडी आत येते. मग ही विहीर गेली. सकाळी दोन टँकर काढा, दुपारी तिला भरू द्या, संध्याकाळी एक. तीन टँकर रोज, पाऊस पडेपर्यंत ती देईल. हे मी लिहून देतो."

"काका, मला नऊ टँकर सांगितलेत."

"सांगणाऱ्याने विहीर बघितलीय?"

"सर्वेक्षण झालंय."

"कधी?"

ऋत्विकने कागद चाळले. "ऑक्टोबरात."

"ऑक्टोबरात इथे हाताला पाणी लागतं, साहेब."

ऋत्विकने तारखेवर पेन टेकवलं. मग त्याचा फोन वाजला, तो बाजूला जाऊन बोलला, आणि परत आला तेव्हा फक्त म्हणाला, "बघतो." पंप चालू झाला. ठेकेदाराच्या माणसाला नऊ टँकर सांगून तो दुसऱ्या गावी गेला.

वाडीतल्या बायकांना पाणी मिळायचं ते दोन टँकरच्या मधल्या वेळात. गढूळ, खालचं. लहान पोरांच्या दुधाला ते दोनदा गाळून घ्यावं लागे. काशीराम रोज एका दोरीला दगड बांधून पाणी मोजायचा आणि दोरीला गाठ मारायचा. गाठी भराभर खाली सरकत होत्या.

तिसऱ्या संध्याकाळी दीक्षाचा फोन आला.

"बाबा, आज आमच्या गल्लीत टँकर आला. ड्रायव्हरने सांगितलं, खारकोंडचं पाणी. मी दोन हंडे भरले." ती थांबली. "तुम्ही रागावलात का?"

"तुझ्यावर कशाला रागावू?"

"आमच्या शेजारची म्हातारी रडली हो पाणी बघून."

 म्हातारीला पाणी मिळालं याचं काशीरामला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तो जास्तच चिडला. रोज तीन टँकर नीट काढले असते तर त्या म्हातारीला जूनपर्यंत पाणी मिळालं असतं. आठवडाभरात सगळं ओरबाडायचं आणि पुढे हात झटकायचे, ही कसली सोय?

पाचव्या दिवशी काळी पायरी उघडी पडली. काशीरामने ठेकेदाराच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, साहेबांना सांगा. काशीरामने ऋत्विकला सात वेळा फोन लावला. एकदाही उचलला गेला नाही. त्याने मजकूर लिहून पाठवला, पायरीचा फोटो पाठवला. उत्तर नाही.

आठव्या दिवशी सकाळी कमलाबाईने ओंजळीतलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग पुन्हा घेतलं, आणि या वेळी ते तोंडात धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"खारं लागतंय, काशीराम," ती हळूच म्हणाली.

त्याने चाखून बघितलं. मग तो पंपाकडे गेला, स्टार्टरचं लाल बटण दाबलं, झाकण उघडून तिन्ही फ्यूज काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. ठेकेदाराचा माणूस ओरडत आला. काशीरामने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो कठड्यावर बसला. कमलाबाई त्याच्या शेजारी बसली. हळूहळू वाडीतल्या सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन आल्या आणि विहिरीभोवती उभ्या राहिल्या.

अकराच्या सुमारास हरिश्चंद्र आला, एका हवालदाराला घेऊन. मागोमाग जीपमधून ऋत्विक. आता मात्र त्याला यायला वेळ मिळाला होता.

"फ्यूज दे, काशीराम," हरिश्चंद्र म्हणाला. "सरकारी कामात अडथळा आणतोयस. उगाच केस होईल."

काशीराम उठला. पोहरा आत सोडला. तो तळाला लागला तेव्हा दगडावर आपटल्याचा आवाज आला. त्याने पाणी वर काढलं, एका पेल्यात ओतलं आणि पेला सरपंचापुढे धरला.

"या पाण्यावर सही तुम्ही केलीत. प्या."

हरिश्चंद्र पेल्याकडे बघत राहिला. हात पुढे आला नाही.

"प्या ना. खारं आहे म्हणून नको, की वाडीचं आहे म्हणून नको? पासष्ट वर्षं ही विहीर गोडी होती, तेव्हा पण तुमच्या घरातलं कोणी इथे पाणी प्यायलं नाही. कधीच नाही. आणि सही करायला मात्र ती गावाची झाली?"

 हवालदार दुसरीकडे बघू लागला. हरिश्चंद्राच्या मानेवर घाम आला होता.

"भलतंच काय काढतोस," तो पुटपुटला. "मला सकाळपासून पित्त आहे."

ऋत्विक पुढे झाला. त्याने काशीरामच्या हातातून पेला घेतला आणि एक घोट प्यायला. त्याचं तोंड वाकडं झालं, पण त्याने तो घोट गिळला.

"सरकारी इस्पितळाने सकाळी एक टँकर परत पाठवलाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "डायलिसिसच्या विभागात पाणी तपासतात. क्षार जास्त निघाले. कुठल्या विहिरीचं ते शोधतच होतो."

"शोधत होतात?" काशीराम म्हणाला. "पायरीचा फोटो तुमच्या फोनमध्ये तीन दिवस पडून आहे, साहेब. त्या इस्पितळात माझी मुलगी काम करते. उद्या तिच्यासमोर कुणी त्या पाण्याने मेलं असतं, तर तुम्ही कोणता कागद दाखवला असता? ऑक्टोबरातला?"

ऋत्विकचा चेहरा उतरला. "माझ्याकडे बेचाळीस गावं आहेत, काका. फोन थांबतच नाही."

"मग जो विहिरीशेजारी राहतो त्याला विचारायचं. त्याला फोन पण लागत नाही."

 कमलाबाई काठी टेकत उठली. "त्याला इचार," ती हरिश्चंद्राकडे बोट दाखवत ऋत्विकला म्हणाली, "त्याच्या विहिरीत पाणी किती हाय. नायतर तूच जाऊन बघ."

ऋत्विकने बघितलं. काशीराम दोरी घेऊन सोबत गेला. बागेतल्या विहिरीत साडेचार पुरुष पाणी निघालं, खाडीपासून लांब, उंचावर, गोडं. बाजूला कलमांना पाट सोडलेला होता. ऋत्विकने त्या पाटाचा फोटो काढला. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने तिथेच अहवाल लिहिला. संध्याकाळपर्यंत नवा आदेश आला. पंप बागेत हलवला गेला. आणि ऋत्विकने स्वतः वाडीत येऊन विचारलं, उपसा किती आणि कधी करायचा हे काशीराम ठरवील का.

"ठरवीन," काशीराम म्हणाला. "पण माझा शब्द मोडून एक हंडा जरी जास्त काढलात तरी फ्यूज पुन्हा माझ्या खिशात जातील."

पहिल्या दिवशी पाच टँकर ठरले. काशीराम सकाळपासून पंपाशी बसला. पाचवा टँकर भरत आला तेव्हा ऊन कलंडलं होतं. हरिश्चंद्र पडवीच्या पायरीवर उभा राहून बघत होता. त्याने दिवसभरात एकदाही चहाला विचारलं नव्हतं.

टँकरच्या तोंडातून पाणी ओसंडलं. ड्रायव्हरने हात केला. काशीरामचा अंगठा लाल बटणावर होता, पण तो दाबला गेला नाही. मागे अजून एक रिकामा टँकर उभा होता. चालू ठेवावा. रात्रभर चालू ठेवावा. आठ दिवस असाच चालू ठेवावा, कलमं करपेपर्यंत, दगड लागेपर्यंत. आदेश माझ्या हातात आहे. मी ठरवणार, साहेबानेच सांगितलंय. बंद करा म्हणून सांगायला पडवीतून तो येईल, तेव्हा मी म्हणेन, वरून आलंय, मी काय करणार.

पाणी टँकरवरून वाहून लाल मातीत जिरत होतं. विहिरीच्या आतल्या भिंतीवर पाण्याची ओली रेघ दिसत होती, सकाळपेक्षा दीड हात खाली. एकतीस वर्षं त्याने असल्या रेघा बघितल्या होत्या.

त्याने बटण दाबलं. पंप थांबला.

"बरं केलंस," हरिश्चंद्र जवळ येत म्हणाला. आवाजात सुटका होती. "मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला ठाऊक आहे." काशीराम उठला, कंबर सरळ केली. "पंप उद्या सातला लागेल. त्याआधी सहाला वाडीतल्या बायका येतील इथे पाण्याला. त्यांची विहीर खारी झालीय."

"इथे? अरे, वाडीला टँकर सांगू ना आपण. दारात येईल."

"टँकर शहराला. वाडी इथे येईल. पायरीवरून उतरून, आपल्या हाताने काढेल."

हरिश्चंद्राने मागे वळून बघितलं. त्याची बायको आनंदीबाई दाराशी येऊन उभी राहिली होती. काशीराम कोणाच्याही उत्तराला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला चौदा बायका आल्या. आनंदीबाईने बागेचं फाटक उघडून ठेवलं होतं. ती स्वतः बाहेर आली नाही. कमलाबाईला दोघींनी धरून पायऱ्या उतरवल्या. खालच्या पायरीवर तिने दोघींचे हात सोडवले आणि कळशी पाण्यात बुडवली.

शहराला जून लागेपर्यंत पाणी पुरलं. दीक्षाच्या गल्लीत एक दिवसही टँकर चुकला नाही. वाडीची विहीर मात्र पाऊस होऊन गेला तरी खारीच राहिली. ऋत्विकने त्या उपशाची चौकशी लावली, तिचा निकाल अजून आलेला नाही. काशीराम दर सोमवारी विहिरीचं पाणी बाटलीत भरतो आणि एसटीने रत्नागिरीला जाऊन ऋत्विकच्या टेबलावर ठेवून येतो.