मांडी

गोल बसायला शिकवायला नॉर्वेहून माणूस यावा लागला, यावर पहिल्या दिवशी आम्ही पोटभर हसून घेतलं. नांदेडच्या दवाखान्यातली सिस्टर दीपमाला माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, आमच्या गल्लीत बाया रोज गोलच बसून राहिल्यात. त्यांनाबी एकेक सर्टिफिकेट देऊन टाका म्हणावं."

शिकवणारी बाई मारित. साठीची, उंच, मे महिन्यातसुद्धा पायात मोजे. तिकडची एक संस्था आणि इकडची एक, अशा दोघींनी मिळून लातूर-नांदेडचे समुपदेशक, सिस्टर आणि दोन डॉक्टर निवडले होते. शिकायचा होता गटोपचार. म्हणजे एकेकाला खोलीत घेऊन विचारत बसायचं नाही, दहा-बारा दुखणारी माणसं एकत्र बसवायची आणि त्यांनीच एकमेकांना धरायचं. मारित सहा महिन्यांनी एकदा लातूरला यायची, मधल्या काळात कॉम्प्युटरवर भेटायची. "मला नावानं हाक मारा, अरेतुरे करा," म्हणायची. आमच्या तोंडाला ते येईना. शेवटी मारितबाईवर तडजोड झाली.

तिचं इंग्रजी मराठीत आणायला रामलिंग सर होते. औशाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. भला माणूस. बाई रडली की हेही रडवेले होऊन भाषांतर करायचे.

मी दामिनी. मूळची उदगीरची. तिथल्याच दवाखान्यात समुपदेशक होते, आता लातूरला खोली करून राहते. नवरा अमरेश उदगीरलाच, धान्याच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे. मला या प्रशिक्षणातून एकच गोष्ट पाहिजे होती. जूनपासून लातूरच्या एका हॉस्टेलात, डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांसाठी गट सुरू होणार होता. तो गट मला पाहिजे होता. बाकी ते प्रमाणपत्र चुलीत गेलं तरी चाललं असतं.

कारण माझा महांतेश असल्याच एका हॉस्टेलातून गेला. सतरा वर्षांचा होता. नीटची तयारी करायला पाठवला, आणि एका रात्री त्यानं खोलीत जीव दिला. त्याच दिवशी दुपारी मी उदगीरला दुसऱ्या कुणाच्या पोराला "मोकळं बोल रे बाळा" म्हणत बसले होते. लोक तोंडावर काही बोलले नाहीत. पाठीमागं म्हणाले, दिव्याखाली अंधार. म्हणू द्या. खोटं काय होतं त्यात?

मारितबाईची अट साधी होती. ज्यानं आपलं दुःख एकदा तरी या वर्तुळात आणलं नाही, त्याच्या हातात ती दुसऱ्यांचं दुःख देणार नव्हती. मला राग यायचा. जखम पण दाखवा आणि वर परीक्षा पण द्या. मागच्या दोन्ही खेपांना मी सासूची गाऱ्हाणी सांगून वेळ मारून नेली होती. सगळे हसले, बाई पण हसली, पण ती काही खुळी नव्हती. या तिसऱ्या खेपेला परत जाण्याआधी गट कुणाला द्यायचा ते ती ठरवणार होती.

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आणून मधोमध ठेवली. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, तो माणूस या खुर्चीत आहे असं समजायचं आणि बोलायचं. दोघं-तिघं बोलले. एकाचा बाप खुर्चीत आला, दीपमालाची बहीण आली. मग बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

रामलिंग सरांनी तोंड उघडलं आणि ते थांबले. इतक्या दिवसांत हा माणूस एका शब्दाला अडला नव्हता. बाई वाट पाहत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई," ते खाली बघत म्हणाले, "त्या म्हणतायत, त्याला बसवा."

सर आमच्यातलेच, लिंगायत. त्यांना ठाऊक होतं ते काय बोलून राहिले.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवाही ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवतात. कपाळाला भस्म, तळहातात इष्टलिंग. तसाच मिरवत नेतात आणि तसाच बसलेला मातीत ठेवतात. कुणाकडं मयत झाली की पहिला सवाल तोच असतो, बसवलं का?

महांतेशला बसवता आलं नाही. सकाळी सापडला, मग पोलीस, मग पोस्टमार्टम, मग लातूरहून उदगीरचा रस्ता. घरी आला तोवर अंगाचं लाकूड झालं होतं. गरम पाणी झालं, तेल झालं, गुडघे काही वाकेनात. माझे सासरे, गुरुपादप्पा, त्यांना घरात आम्ही अप्पा म्हणतो, त्यांनी दोन जवान माणसं बोलावली. "दोघं दोन्हीकडनं जोर लावा," म्हणाले. "मोडलं तर मोडू द्या. आता काय दुखून राहिलंय त्याला?"

मी त्याच्या पायांवर पडले. "हात लावाल तर याद राखा," म्हणाले. सुनेच्या तोंडून असं अप्पांनी जन्मात ऐकलं नव्हतं. अमरेश मला हाताला धरून ओढत होता, रडत होता, "बसू दे गं त्याला, एवढं तर होऊ दे," म्हणत होता. मी हलले नाही. शेवटी महांतेशला आडवाच नेला. आज परत ती वेळ आली तरी मी तेच करीन.

अमरेशनं त्यानंतर भांडण केलं नाही. बोलणंच सोडलं. फोन लावला की जेवलीस का, जेवलो, एवढंच. हॉस्टेलचा गट मागितलाय हे मी सांगितलं तेव्हा मात्र एक पूर्ण वाक्य बोलला. "पोटच्या पोराला बसवलं न्हाईस, अन् लोकांची पोरं गोल बसवाया निघालीस." ते वाक्य मी रोज भाकरीबरोबर खाते.

मारितबाईला यातलं काय माहीत? पोरगा गेला, एवढंच तिनं माझ्या अर्जात वाचलेलं. तिला वाटलं, मी परत टाळते आहे. "वेळ घ्या," ती म्हणाली. माझं डोकं फिरलं.

"सर, हिला सांगा, आमच्यात बसवणं कशाला म्हणतात."

सरांनी सांगितलं. लई वेळ सांगत होते. तेल, गरम पाणी, अप्पा, एवढे शब्द मलाही कळत होते. मला ठाऊकही नव्हतं की या माणसाला माझ्या घरातलं एवढं ठाऊक आहे. उदगीर ते औसा, आमच्या लोकांत असल्या गोष्टीला पाय फुटतातच. बाईचा चेहरा पांढरा झाला. ती उठली, माफी मागत खुर्ची उचलायला लागली.

मला तिची दया नको होती. मला गट पाहिजे होता. पण खरं सांगते, त्या घटकेला गटही आठवला नाही. एवढंच कळलं की ही खुर्ची आता गेली, तर तो परत आडवाच राहणार.

"खुर्ची नको," मी म्हणाले. "आमच्यात खुर्चीत न्हाई बसवत. भिंतीला जागा करा."

मंडळींनी खुर्च्या सरकवल्या. भिंतीशी फरशी मोकळी झाली. त्याच्या जागी कोण बसणार, असं बाईनं विचारलं असावं, कारण सर म्हणाले, "मी बसतो." आणि पोट सावरत, भिंतीला धरून धरून ते खाली बसले. पाय लांब केले. डोळे मिटून घेतले. आता आम्हाला भाषांतर सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. गरजही नव्हती.

मी त्यांच्या पायाशी बसले. डावा पाय धरला, सहज दुमडला. उजव्याचा घोटा धरला. गरम होता.  गुडघ्याखाली हात घातला, वर उचलला, आणि सांधा कट्‌ असा वाजला.

मी हात काढून घेतला. तोच आवाज. जो आवाज होऊ नये म्हणून मी सगळ्या घराशी वैर घेतलं, तो.

 सरांचे डोळे मिटलेलेच होते. दुखत असणार, कपाळावर घाम होता. मयतानं बोलू नये, पण ते बोलले.

"वाकतंय ताई. दाबा तुम्ही."

मी दाबलं. वाकलं. पायावर पाय ठेवला, हात मांडीवर ठेवले, शर्टाची बाही नीट केली. मग जे तोंडात आलं ते बोलले.

"त्यांना मोडायचं होतं तुला, मी मोडू दिलं न्हाई. आधीच किती मोडला होतास रे तू? मला सांगायचं होतंस. मी काय मेले होते का? लोकांची पोरं माझ्याकडं येऊन सांगत होती, अन् तू तेवढा खामोश राहिलास. माझं पोर असून."

मी ओरडले नाही. पण दीपमाला मागून येऊन मला धरून बसली होती, एवढं आठवतं. मग दुसरं कुणी तिला धरलं. कितीतरी वेळ सगळे तसेच फरशीवर. मारितबाईही मोज्यांसकट खाली बसलेली, तिचा हात सरांच्या खांद्यामागं, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून. आमच्यातही बसवलेल्याला कुणीतरी मागनं धरून ठेवतंच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

निघताना तिनं माझे दोन्ही हात धरले आणि पाठ केलेल्या मराठीत म्हणाली, "गट तुमचा." मला आनंद झाला नाही. हायसंही वाटलं नाही. पाय दुखत होते, एवढंच.

संध्याकाळी हॉलच्या पायरीवर बसून मी अमरेशला फोन लावला.

"जेवलीस का?"

"गट मिळाला मला."

त्याच्या मागं वजनकाट्यावर पोती पडत होती, हमाल बोलत होते. मी सगळं सांगितलं, खुर्चीपासून सरांच्या घामापर्यंत. तो मधे एकदाही बोलला नाही. मला वाटलं, फोन ठेवून काट्याकडं गेला.

मग त्यानं विचारलं, "मांडी बसली का?"

हो म्हणणं सोपं होतं. लोकांना धीर द्यायचाच माझा धंदा. पण या माणसाशी खोटं बोलवेना.

"रामलिंग सरांची बसली," मी म्हणाले. "आपल्याची न्हाई."

पोत्यांचा आवाज थांबला. कुणीतरी त्याला "मालक, मालक" म्हणून हाक मारत होतं. त्यानं ओ दिली नाही.

"मग लोकांच्या पोरांना बसव," अमरेश म्हणाला. "जिवंत हायेत तवर बसव."