शिक्क्याची रेघ

भाताच्या वाफेवर गोजरानं पासपोर्टाचं पान धरलं. कोपरा सैल झाला तसा तिनं नखानं नवऱ्याचा फोटो अलगद सोडवला आणि पदराआड घेतला. मुठा गावात कोंडिबा घरोघरी निरोप घेत फिरत होता. उद्या मुंबई, मग बोट, मग आखातातल्या तेलाच्या कंपनीत काही वर्षं. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता.

थोड्या वेळानं मात्र तिला धडकी भरली. गव्हाच्या पिठाची खळ करून तिनं फोटो पुन्हा चिकटवला. गोल सरकारी शिक्का अर्धा फोटोवर होता, अर्धा पानावर. डोळे बारीक करून तिनं त्याची रेघ जुळवली. तिच्या मते जुळली.

आठवडाभरात कोंडिबा परत आला.

"बोटीवर चढूच दिलं न्हाई," तो आईला म्हणाला. "शिक्का जुळत न्हाई म्हनं. फोटो बदललाय म्हनत्यात."

"त्या कुशाबानंच घोळ केला असंल!" सासू कडाडली.

कुशाबा गावचाच, पण मुंबईला गोदीत कामाला. कोंडिबाचे कागद त्यानंच करून दिले होते. बघता बघता तो गावभर लबाड ठरला. त्याची बायको पाणवठ्यावर आली की बाकीच्या तिच्याकडे पाठ करत. गोजरा हंडा भरून मुकाट निघे. आपल्याला फोटो हवा होता, की माणूसच जायला नको होता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पौडाच्या पोलीस ठाण्यातून हवालदार चौकशीला आला.

"फोटोला हात कुणी लावला?"

गोजरा दाराआड सरकली.

"म्या," कोंडिबा म्हणाला. "घरी ठिवायला पायजे व्हता."

हवालदारानं जबाबावर अंगठा घेतला. आता दुसरा पासपोर्ट विसर, असं बजावून तो गेला. सासू कपाळावर हात मारत परसात गेली.

"तुमाला ठावं व्हतं?" गोजरानं हळूच विचारलं.

"जाताना वाटंतच, पिरंगुटापाशी बघितलं. कड सुटली व्हती."

"मग तवाच हापिसात जाऊन सांगायचं न्हाई? नवा दिला असता."

कोंडिबा उठला. वाकून पायताण शोधू लागला.

"कुटं निघाला?"

"कुशाबाच्या घरी. त्याचा दोष न्हाई म्हनून सांगतो."

"ते मला सांगू द्या," ती म्हणाली. डोक्यावर पदर ओढून तिनं उंबरा ओलांडला.

वाटेत मागून पायताणं वाजली. ती वळली नाही. चाल मात्र थोडी धीमी केली.