दोरीबाहेरचा माणूस

"पाणी नको. आधी डोळा पूस," शहादेव म्हणाला.

ठोशांच्या लढतीची एक फेरी संपली होती. दोरीच्या कोपऱ्यात मी फडकं ओलं करून त्याचा डावा डोळा पुसला. भुवई फुटली होती आणि रक्त पापणीवर उतरत होतं. रक्ताचं मला काही वाटत नव्हतं. मी न्हावी, रक्त रोजच बघतो. पण त्या डोळ्याला वर्षभरापासून धूसर दिसत होतं, आणि अख्ख्या छावणीत हे फक्त मला ठाऊक होतं.

"दिसतंय का बे काही?" मी हळूच विचारलं.

"समोरचा गोरा दिसतो न्हवं का. एवढा धिप्पाड हाय, न्हाई कसा दिसंल?"

"मस्करी नको करू."

"धोंड्या, ही शेवटची लढत हाय. एवढी होऊ दे," तो म्हणाला आणि उठला.

तो उठला की माझ्यावर सावली पडायची. आजही डोळे मिटले की मला तो तसाच दिसतो. मान खोडासारखी, खांदे दारात न मावणारे, आणि चेहरा मात्र एखाद्या कीर्तनाला बसलेल्या माणसाचा. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता पाहणारही नाही.

मोमिनाबादला तेव्हा निजामाच्या घोडेस्वार पलटणीची छावणी होती. आम्ही दोघं नेकनूरचे. मी शिपायांच्या दाढ्या करायचो, शहादेव पागेत घोड्यांची निगा राखणारा सईस होता. पलटणीतल्या एका गोऱ्या साहेबाला ठोशांच्या लढतीचा भारी नाद. त्याला रोज समोर कुणीतरी मार खायला लागायचं. शिपाई पळून जायचे, म्हणून साहेबाने सईसाला उभं केलं. शहादेवने पुष्कळ महिने मुकाट्याने मार खाल्ला. एक दिवस मी विचारलं, "कावून उभा राहतोस रे?" तर म्हणाला, "त्याचा हात कुठून येतो, ते बघतोय." बघून झाल्यावर त्याने एकच ठोसा मारला. साहेब खाली बसला, बराच वेळ बसून राहिला, आणि मग हसायलाच लागला. त्या दिवसापासून सईसाला रोज शेरभर दूध सुरू झालं.

पुढे काय सांगावं! जालन्याचे, औरंगाबादचे, सिकंदराबादचे जड जड गडी त्याने झोपवले. सगळ्यांत भारी वजनाच्या गटात निजामाच्या मुलखात त्याच्यापुढे कुणी टिकेना. घोड्यांच्या चंदीचं, दाण्याचं पोतं टांगून तो सकाळी ठोसे मारायचा, तेव्हा पागेतली घोडी कान टवकारायची. आणि तेच हात नुकत्या जन्मलेल्या शिंगराला उभं करताना असे मऊ व्हायचे, की बघत राहावं. माझं तर त्याच्यावर मनच जडलं होतं. हे उघड सांगायला मला लाज वाटत नाही.

एवढं सगळं झालं, पण घरी मात्र त्याची काडीची किंमत नव्हती. त्याचा बाप आसाराम म्हणजे नेकनूरच्या तालमीचा जुना वस्ताद. त्याच्या मते कुस्ती तेवढी विद्या. मुलगा गावी गेला की म्हातारा सुनवायचा, "मारामारी ती. दारू पिलेले लोक बी करतेत. त्याला काय अक्कल लागती?" एवढा मोठा शहादेव मान खाली घालून भाकरी खात राहायचा. आई, भिवराबाई, मधे पडायची, तर तिलाही दोन शब्द मिळायचे.

त्यामुळे या लढतीला म्हातारा बैलगाडी जुंपून आपणहून आला, तेव्हा शहादेवला रात्री झोप लागली नाही. लढत होती नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या गड्याशी. जिंकणाऱ्याला चांदीच्या पत्र्याचा पट्टा मिळणार होता. पण पट्टा कुणाला हवा होता? बापाने एकदा बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. डोळा विझत चाललेला. पुन्हा दोरीच्या आत उभं राहता येणार नाही, हे त्याने ओळखलं होतं.

मी म्हाताऱ्याला आमच्या कोपऱ्यामागेच, दोरीला लागून बसवलं. त्याने धुवट पांढरा फेटा बांधला होता. लढत सुरू होण्याआधी मी त्याला सगळे नियम समजावले, पण त्याचं लक्ष गोऱ्याच्या पोटऱ्यांकडे. "पायात दम न्हाई गड्याच्या," एवढंच बोलला.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि सांगितली असती तरी त्याच्या डोक्यात शिरली असती असं नाही. माझ्या हातातल्या फडक्याला त्या खेळात फार वजन असतं. आपल्या गड्याचा जीव धोक्यात आहे असं वाटलं, तर कोपऱ्यातल्या माणसाने ते आत टाकायचं. कापड आत पडलं की लढत संपली, आणि आपण हरलो. शहादेवने मला दम दिला होता, "मी मरायला टेकलो तरी फडकं टाकायचं न्हाई."

नवी फेरी सुरू झाली. गोरा डाव्या बाजूनेच येत होता. त्याला डोळ्याचा सुगावा लागला असावा. ठोशामागे ठोसा बसत होता, आणि शहादेव झेलत होता. मी फडकं मुठीत इतकं आवळलं की त्यातलं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. मागे म्हातारा पुटपुटत होता, "सरक, शहादेवा, सरक. पाय उचल." मग त्याचा आवाज चढला. मग तो दोरीला धरून उभाच राहिला. "आरं, डाव्या अंगाला सरक!"

शहादेवने ते ऐकलं. वयाच्या सातव्या वर्षापासून ज्या आवाजावर तो तालमीत हलला होता, त्याच आवाजावर तो डावीकडे सरकला. गोऱ्याचा ठोसा हवेत गेला. आणि खालून, मांडीपासून निघालेला शहादेवचा उजवा हात त्याच्या हनुवटीखाली बसला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एवढा थोराड गडी दोन्ही पाय उचलून मागे पडला, सपशेल पाठीवर.

पंचाने आकडे मोजायला घेतले. गोऱ्याची बोटंसुद्धा हलत नव्हती.

आता आमच्या मुलखात पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. त्याला पुन्हा मोजणं-बिजणं नाही. मग लोक काय करतात? फेटे उडवतात. आसारामने आयुष्यभर हेच केलं होतं, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आज स्वतःच्या पोरासाठी त्याने फेटा काढला आणि "शाब्बास रे माज्या वाघा!" म्हणून जोरात फेकला. फेटा हवेत उलगडला आणि पंचाच्या पायाशी पडला.

पंच मोजायचा थांबला.

आमच्याच कोपऱ्यातून पांढरं कापड आत पडलं होतं. नगरकडचे साहेब ओरडत उठले. आमचा साहेबही उठला आणि धावत दोरीपाशी आला. दोन पहारेकऱ्यांनी म्हाताऱ्याचे दंड धरले. इंग्रजीत बरीच हुज्जत झाली. शेवटी पंचाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शहादेवला हिंदुस्थानीत विचारलं, "ये तुम्हारा आदमी है? या बाहर का है?"

आमचा साहेब शहादेवच्या कानाशी लागला. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "बाहर का बोलो. इसको निकाल देगा, फिर गिनती होगा. गोरा नहीं उठेगा. तुम जीता!"

खरंच, एका शब्दाचं काम होतं. गोऱ्याला शुद्धच नव्हती. पट्टा समोर टेबलावर चमकत होता.

शहादेवने वळून बापाकडे बघितलं. म्हातारा बोडक्या डोक्याने दोन पहारेकऱ्यांच्या मधे उभा होता, आणि हसत होता. त्याला वाटत होतं, साहेबलोक आपल्या पोराचं कौतुक करताहेत आणि आपल्याला मानाने धरलंय. इतकं हसताना मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

"मेरा आदमी है," शहादेव म्हणाला. "मेरा बाप है. हात छोडो उसका."

साहेबाने कपाळाला हात लावला. पंचाने मान हलवली. आणि पंच गोऱ्याच्या बाजूने निकाल पुकारायच्या आत शहादेवने फेटा उचलला, दोरीखालून बाहेर आला आणि बापाला असा मिठीत घेतला, की म्हाताऱ्याला मुलाच्या छातीपलीकडे काही दिसू नये. मागे टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. त्या कुणासाठी होत्या, हे म्हाताऱ्याला कळलंच नाही.

"लई भारी मारलास," तो छातीत तोंड दडपूनच बोलत होता. "म्या उगाच बोलायचो. लई अक्कल लागती रं ह्याला."

शहादेवच्या हातांत अजून जाड हातमोजे होते, त्याला फेटा बांधता येईना. मी बांधला. खरा निकाल सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात शहादेवने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प झालो. त्यानंतर तो कधी लढला नाही. काही वर्षांत छावणीही उठली. पण नेकनूरला आसाराम जगला तोवर ती लढत तालमीत पोरांना सांगत राहिला, आणि मी मान डोलावत राहिलो.

त्या दिवशी बाहेर आलो, तेव्हा ऊन कलत होतं. म्हाताऱ्याने हुकूम सोडला, "योगेश्वरीच्या देवळात नारळ फोडायचा. चला." मी टांगा थांबवला.

"तो आकडे मोजणारा गोरा माझ्याकडं बोट करून काय इचारत व्हता रं?" चढता चढता म्हाताऱ्याने विचारलं.

"इचारत व्हता, ह्ये कोण तुमचे?" शहादेव म्हणाला.

"मंग?"

"म्या म्हणलं, माजे वडील."

म्हातारा जागेवर जरा ताठ बसला, एवढंच. मग त्याला राहवेना. टांगेवाल्याच्या खांद्यावर थाप मारून तो आपल्या मोडक्या बोलीत म्हणाला, "मियां, ये मेरा बेटा. गोरे कू चित किया!"

टांगेवाला दचकून मागे वळला. तो दुपारभर छावणीच्या फाटकाशीच उभा होता. बाहेर पडणारे शिपाई त्याच्यासमोरूनच हळहळत गेले होते, कोण जिंकलं ते सांगत. त्याने शहादेवकडे पाहिलं. फुटलेली भुवई, सुजलेला डोळा, रिकामी कंबर.

म्हाताऱ्याच्या पाठीमागे शहादेवने आपले ते प्रचंड हात टांगेवाल्यापुढे जोडले.

टांगेवाल्याने लगाम उचलला.

"मुबारक हो, चचा," तो म्हणाला. "कैसा गिराया, बताओ तो सही."

आणि देवळापर्यंत म्हातारा त्याला सांगत राहिला.