सुक्या मासळीला बंदी असलेला फ्लॅट

“काका, तुमच्या घरी सुकी मासळी खातात का?”

मित्रांनो, प्रणालीने हा प्रश्न माझ्या मालकाला विचारला, तेव्हा मला हात असते तर मी टाळ्या पिटल्या असत्या. घर बघायला येण्याआधी तिच्या मैत्रिणींनीच तिला डिवचलं होतं. सुक्या मासळीवर मालक नाक मुरडणारच, हिंमत असेल तर तोंडावर विचारून दाखव. तिने दाखवलं.

मी एक जुना फ्लॅट आहे. अलिबागच्या बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर. दोन बेडरूम, हॉल, किचन. बिल्डरने माझ्या सिमेंटात खाडीची खारी वाळू मिसळली, म्हणून भिंतींना सदा पोपडे. जाहिरातीत मात्र ‘समुद्रदर्शन’ छापलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त बाथरूममध्ये बादली पालथी घालून वर उभं राहावं लागे.

माझे मालक विनेशशेठ. छत गळलं की दुरुस्ती नाही, वरून रंग फासायचा, एवढीच यांची अक्कल. शनिवार-रविवार मला पर्यटकांना द्यायचे. गादीवर वाळू, बेसिनमध्ये पापलेटचे काटे आणि जाताना “किती क्यूट फ्लॅट” म्हणत नळ चालू सोडून जाणार, अशी ती मंडळी. शेठ त्यांच्यापुढे वाकून “या साहेब” म्हणायचे. ‘क्यूट’ म्हणण्यालाच कौतुक म्हणत असतील तर मला नको.

यंदा पर्यटक आटले, तेव्हा शेठना एकदम ‘चांगली फॅमिली’ हवीशी झाली. रेवदंड्याहून प्रणालीच्या घरचे आले. बाबा रामचंद्र, आई कल्पिता आणि आजी बायजा. प्रणालीला इथे अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता, कॉलेज भल्या सकाळचं, म्हणून सगळ्यांनीच इकडे यायचं घाटत होतं. देव्हारा कुठे ठेवायचा, आजी कुठे झोपेल, असं माझ्यात उभं राहून पहिल्यांदाच कुणी बोललं. मी हरखून गेलो.

कुणाच्या दारात रिकाम्या हाती जायचं नाही, ही आजीची रीत. तिने स्वतः सोललेल्या, उन्हात वाळवलेल्या कोळंबीचे सोडे शेठच्या हातात ठेवले. शेठनी पिशवी हुंगली, खूश झाले, लगेच गाडीत ठेवायला पाठवली. आणि मग घसा साफ करून अट सांगितली. या घरात सुकी मासळी आणायची नाही. ठेवायची नाही, भाजायची नाही. बिल्डिंगमध्ये सभ्य लोक राहतात म्हणे. आजीचा तर सगळा धंदाच सुक्या मासळीचा.

तेव्हा प्रणालीने तो प्रश्न विचारला.

“खातो की,” शेठ म्हणाले. “पण आमचा बंगला आहे, बेटा. तिथे वास वाऱ्यावर जातो.”

काय ते नाक! बंगल्यात वेगळं चालतं, फ्लॅटमध्ये वेगळं.

बाबा गडबडले. पोर लहान आहे, मनावर घेऊ नका, अशी सारवासारव करू लागले. एवढ्यात आजी हळूच म्हणाली, “मी रेवदंड्यालाच ऱ्हाते. माजं काय, मासळी हाय सोबतीला.”

आई खाली बघत राहिली, पण आजीला अडवलं नाही. बाबांची मान हो म्हणायला हलू लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्याची काळजी घ्यायची तर रंगाचे डबे आणू नका. माणसं आणा, त्यांच्या आजीसकट, आजीच्या बोंबलांसकट. बंद घराला जो कुबट वास येतो, त्यापुढे बोंबील म्हणजे अत्तर. हे कुटुंब मला हवं होतं हो, फार हवं होतं. पण आजी वजा करून आलेल्या कुटुंबाचं मी काय करू?

प्रणाली आजीचा हात धरून दारात उभी राहिली.

“आई, बाबा, आपण हे घर घेत नाही,” ती म्हणाली. “मी पहाटेच्या एसटीने येईन, बसमध्ये झोपेन. आजीला मागे ठेवून मला शिकायचं नाही.”