एका मुंढ्याची गिटार

माझ्या धाकट्या बहिणीचं एक पत्र बरेच दिवस माझ्या शब्दकोशात खूण म्हणून पडून होतं. आम्ही एकाच गावात राहतो. पण फोनवर मी ‘बघू’ म्हणून सुटतो हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून काही महत्त्वाचं असलं की ती चक्क टपालानं विचारते.

‘दादा, मला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. एकाच बाजूला मुंढा असलेली. शिलाईचं दुसरं मशीन विकलं, त्या पैशात बसेल अशी. पुन्हा काही घेणं होणार नाही, त्यामुळे चुकून चालायचं नाही. तू एवढं वाचतोस, तर सांग कुठली घेऊ. आणि खरं सांग, या वयात मला शोभेल का?’

घरात तिला अजून बेबीच म्हणतात, आणि बेबीनं साठी केव्हाच ओलांडली. जन्मभर तिनं लोकांचे कोट आणि झगे शिवले. बाही जोडायला कापडात जी खाच कापतात तिला शिंपी मुंढा म्हणतात. काही गिटारींचं लाकूड दांडीच्या एकाच बाजूला तसंच कापलेलं असतं, म्हणजे हात वरच्या सुरांपर्यंत पोचतो. शिलाईचं दुकान कायमचं बंद केल्यावर बेबी गिटार शिकली आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी वाजवणाऱ्या मंडळींत शिरली. पण ड्रमपुढे तिची साधी गिटार कुणाला ऐकूच येत नसे. मंडळी भली, तरी ‘तुम्ही आता नुसतं ऐकायला या’ असं कुणीतरी म्हणालं होतं. ते तिला लागलं होतं.

मी पुष्कळ वाचलं. लाकडं, तारा, तारांखालचे, आवाज टिपणारे पिकअप. जितकं वाचलं तितका धीर सुटत गेला. माझ्या शब्दावर तिचं मशीन पाण्यात गेलं तर? उत्तर राहिलं ते राहिलंच. शेवटी एका सकाळी तीच दारात उभी.

“बूट घाल. दुकानात जायचंय.”

“मला त्यातलं काही...”

“कळत नाही. माहितीये. चल.”

दुकानात भिंतभर गिटारी टांगलेल्या होत्या.

“एका मुंढ्याची दाखवा,” बेबी म्हणाली.

दुकानदार गोंधळला. तिनं बोटानं हवेत आकार काढला.

“अच्छा, सिंगल कटअवे! ताई, मुंढा काय म्हणता?”

“तुम्ही लाकडात कापता, आम्ही कापडात.”

त्यानं एक सोनेरी, भरीव लाकडाची काढली. मी न राहवून पुटपुटलो, “जड लाकडात सूर लांब टिकतो म्हणे.” दुकानदारानं तिच्यासाठी स्टूल ओढलं. तिनं ते पायानं मागे सारलं.

“कोट बसून कुणी घालून बघतं का? उभं राहायचं, हात हलवायचे.”

पट्टा खांद्यावर घेऊन ती अख्खी चाल उभ्यानं वाजवत राहिली. आवाज दाट होता, सुरेख. पण शेवटाकडे तिचा डावा खांदा खाली आला, आणि ती एका पायावर भार टाकू लागली. त्याच किमतीत कोपऱ्यात दुसरी होती, कुणीतरी वापरलेली. पाठीवर चरा, रंग लाकडाचाच, आतून थोडी पोखरून हलकी केलेली. तिनं खाचेत बोट फिरवलं. “खोल कापलाय. हात अडत नाही.” वाजवलं, थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

“दादा, मशीनच्या खडखडाटानं माझा एक कान गेलाय. मला दोन्हींत फरक कळत नाही. तू भिंतीकडे तोंड कर आणि सांग.”

“अगं, माझ्यावर...”

“तुझ्यावरच. म्हणून तर आणलंय.”

मी भिंतीकडे वळलो. तिनं तीच चाल दोन्ही गिटारींवर एकेकदा वाजवली.

“दुसरी,” मी म्हणालो. “बहुतेक.”

“बहुतेक नको.”

“पहिली ऐकताना गिटार ऐकू येते. दुसरी ऐकताना, तू शिवताना गुणगुणायचीस ना, तसं वाटलं.”

वळून पाहिलं तर दुसरी म्हणजे ती चरा पडलेलीच होती, आणि बेबी नाक पुसत होती.

“गुंडाळा,” ती दुकानदाराला म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “पत्राचं उत्तर बाकी आहे हां.”

“आता कशाला? घेतलीस ना?”

“शेवटच्या ओळीचं.”

शनिवारी मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो. ड्रम सुरू झाला आणि त्याच्यावरून तिचा सूर आला, स्वच्छ, सावकाश. जिच्या पाठीला मी आयुष्यभर मशीनवर वाकलेलं पाहिलं, ती सरळ उभी होती. डावा हात त्या मुंढ्यातून पार वर गेला, आणि तिथेच सूर धरून राहिला. ड्रमवाल्यानं हात आवरता घेतला आणि तिच्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं ही कुठे होती, असं मला वाटलं. ती तर माझ्या शेजारच्याच गल्लीत होती.

घरी येऊन कागद घेतला. ‘बेबी, बहुतेक शोभते,’ एवढंच लिहिलं, आणि मग ‘बहुतेक’ खोडलं. टपालपेटीपाशी वाटलं, घरी जावं, स्वच्छ कागदावर पुन्हा लिहावं. पण मी मला ओळखतो. खाडाखोडीसकट पेटीत टाकलं.