‘येतो’ची सुनावणी

प्रसादचा व्हिसा एका शब्दावर अडकला होता, आणि तो शब्द त्याने निव्वळ सभ्यपणा म्हणून उच्चारला होता.

त्याची बायको उत्तरा दक्षिणेकडच्या एका थंड देशात नर्स होती. तिच्याच गावात त्याला जहाजदुरुस्तीचं हंगामी काम मिळत होतं. म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं सलग सहा महिने एका छपराखाली. व्हिसाच्या फोनवरच्या मुलाखतीत प्रसादने दुभाषीही मागितला. इंग्रजी उत्तम येत होतं. पण दुभाषी फुकट होता आणि प्रसाद पुण्याचा. फोन ठेवताना तो सवयीने म्हणाला, "बरं, येतो." दुभाष्याने इमानदारीत सांगितलं, "ते येत आहेत." अधिकाऱ्याने लिहिलं, अर्जदार निर्णयाची वाट न पाहता निघाला आहे. अर्ज नामंजूर.

"‘बाय’ म्हणायला काय झालेलं रे तुला?" त्याचा रूममेट, रत्नागिरीचा तय्यब म्हणाला. "मी सासऱ्याशी भांडून निघतो तरी ‘येतो’च म्हणतो. म्हातारा अजून दार लावून घेतो."

प्रसादने लवादाकडे दाद मागितली. सुनावणीच्या सकाळी ओमानमधल्या दुक्म बंदरावर, जिथे तो कामाला होता, समुद्रातून धुकं चढलं. क्रेन विरघळल्या, रिफायनरी पुसली गेली, आणि प्रसादची पोर्टाकॅबिन कुठेच न टेकता तरंगत राहिली. स्क्रीनवर लवादाच्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांच्या मागच्या खिडकीतही धुकंच. दोन्हीकडे एकच धुकं असावं, चालत गेलं तर थेट उत्तराच्या दारात निघेल, असं प्रसादला वाटलं.

इतक्यात त्याच्या खिडकीतून एका उंटाने आत डोकं घातलं.

"हे साक्षीदार का?" बाईंनी विचारलं. नवी दुभाषी रेखा हिने ते गंभीरपणे मराठीत सांगितलं.

"नाही, शेजारी."

तशी नोंद झाली. उंट थांबला.

"निघणारा माणूस ‘जातो’ का म्हणत नाही?" बाईंनी विचारलं.

"घरचे ओरडतात, मॅडम. ‘जातो’ म्हणणारा परत येत नाही असं वाटतं."

"ओमानला निघताना आईला काय म्हणालात?"

"येतो."

"गेलात परत?"

"दर सुट्टीला."

"आणि आमच्या देशातून निघताना काय म्हणाल?"

प्रसादने दोन्ही शब्द मनात तोलून पाहिले. ‘येतो’ म्हणावं तर पुन्हा इरादा संशयास्पद. ‘जातो’ म्हणावं तर उत्तराला अपशकुन, आणि तो कोर्टाच्या रेकॉर्डवर.

"येतोच म्हणेन," तो शेवटी म्हणाला. "पण निघेन."

"मग तुमच्या भाषेत कोणी जातच नाही?"

"जातात ना. फक्त ते स्वतः सांगत नाहीत. बाकीचे सांगतात, ‘गेले’ म्हणून."

रेखाने भाषांतर करायला जरा वेळ लावला. बाईंनी चष्मा काढला. उंटही चघळायचा थांबला.

दुपारी निर्णय आला. ‘अर्जदाराच्या भाषेत निघणे आणि येणे ही एकच क्रिया असल्याचे लवादास मान्य आहे. अर्जदाराचा हेतू प्रामाणिक धरून व्हिसा कार्यालयाने अर्ज पुन्हा तपासावा.’

त्याने लगेच उत्तराला फोन लावला.

"म्हणजे मिळाला का नाही, नीट सांग ना!"

"नकार रद्द झाला. आता शिक्का मारायचाच काय तो उरलाय."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माझ्याकडे उशी एकच आहे. दुसरी घेऊ?"

"घे," प्रसाद म्हणाला. "पण बिल जपून ठेव. मी हंगामी आहे."